वाढत जाणारं तेल

धक्क्यावरच्या त्या मिस्त्रीला कुणी खऱ्या नावानं हाक मारली, तर तोच मागे वळून बघायचा, की बोलावताहेत कुणाला. सगळ्यांसाठी तो नाकमिस्त्री. होडीच्या मागे लावायच्या मोटरी दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता, आणि त्याचं निम्मं श्रेय हाताला नव्हे, नाकाला होतं. मोटरीतून तेल मोजायची पट्टी ओढायची, डोळे मिटायचे, पट्टी नाकाखालून एकदाच फिरवायची आणि निकाल द्यायचा. "खारं पाणी शिरलंय." किंवा, "तेल जळून गेलंय. गेल्या महिन्यात बदललं म्हणून थापा मारू नकोस." पुढे अपील नाही.

चार महिन्यांपूर्वी त्याला आठवडाभर ताप आला, आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाहीही येणार. मिस्त्रीनं हे कुणाला सांगितलं नाही, अगदी बायकोलासुद्धा नाही. सांगणार तरी काय? नाक तर जागच्या जागी होतं.

तेव्हापासून जग थोडं लांब सरकल्यासारखं झालं होतं. भरतीच्या वेळी खालच्या पाण्याचा उजेड वर्कशॉपच्या पत्र्यावर हलत राही, आणि त्याला वाटे, आपण पाण्याखालीच बसून नटांवर पाने फिरवतोय. पेट्रोल आणि पाणी त्याला सारखंच झालं होतं. दुपारी खुर्चीत डोळा लागला, की मात्र वास येत. वडिलांच्या कोटाचा, कोऱ्या वहीचा, लग्नानंतरच्या पहिल्या खोलीतल्या ओल्या चुन्याचा. स्वप्नात तो पोटभर श्वास घेई. जाग आली, की काही नाही. बोटांच्या आणि कानांच्या जोरावर तो कसंबसं निभावून नेत होता.

अशात एका सकाळी सावकाश आला. सावकाश म्हणजे समोरच्या बेटावर माणसं नेणारा नावाडी. त्याच्या होडीत बसलेला माणूस पैलतीरी पोचेपर्यंत एक झोप काढून घेई, म्हणून हे नाव. मोटर नवीकोरी होती आणि सावकाश खुशीत होता.

"मिस्त्री, लोकांच्या मोटरी तेल पितात. माझ्या मोटरीचं तेल वाढतंय!"

"वाढतंय?"

"आईशपथ. दर आठवड्याला बोटभर वर. जरा धाप लागल्यासारखी करते, पण तब्येत बघा की तिची! उद्या अकरा माणसं न्यायचीत. तुम्ही फक्त वास घ्या आणि ठीक आहे म्हणा."

मिस्त्रीनं पट्टी ओढली. तेल खुणेच्या बरंच वर होतं. दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी नाही. बोटांना पातळ लागलं. तेलात पेट्रोल उतरत असेल, तर तेलाचं बळ जातं, आतलं लोखंड लोखंडाला घासतं आणि एक दिवस मोटर भर खाडीत जाम होते. पण दुसरंही असू शकत होतं. सावकाशचा मेव्हणा होडी धुवायला येई, आणि हाताला लागेल त्या पातळ तेलाचा डबा मोटरीत ओतायची त्याला खोड होती. मेव्हणा शपथेवर सांगत होता, की आपण हात लावला नाही. त्याच्या शपथा सगळ्या धक्क्याला ठाऊक होत्या.

वास एका क्षणात सांगून गेला असता. मिस्त्रीनं डोळे मिटले, पट्टी नाकाखालून फिरवली. काहीच नाही. भोवती जमलेले धक्क्यावरचे चार जण बघत होते. 'ठीक आहे' हे दोन शब्द जिभेवर आले होते, तेवढे बोलले की सुटका होती. त्याला ती अकरा माणसं दिसली, भर खाडीत, गप्प बसलेली.

"जेवून येतो, मग सांगतो," तो म्हणाला, आणि पट्टी पुसलेलं फडकं खिशात कोंबून निघाला.

घराच्या पायरीवर पाय ठेवतो न ठेवतो, तोच आतून बायको ओरडली, "अहो, ते खिशातलं आधी बाहेर टाका! काय भपका मारतोय पेट्रोलचा!"

तो तिथंच थबकला. "पेट्रोलचा, की तेलाचा?"

"तीस वर्षं तुमचे कपडे धुतेय. मला फरक कळत नाही होय?"

मिस्त्री पायरीवरच बसला. ती ओल्या हातांनी बाहेर आली आणि शेजारी टेकली.

"परवा दूध करपलं होतं," ती हळूच म्हणाली. "दोन कप प्यायलात. वर छान झालंय म्हणालात."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून. तुम्ही घरी एकटे राहणार असलात, की गॅसचं बटण तीन तीनदा बघते मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून. वाटलं, उगाच दुखावाल."

त्याला रडू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला आपलं घर जवळ आल्यासारखं वाटलं.

दुपारी त्यानं पेट्रोलचा पंप उघडला. आतला रबरी पडदा फाटला असेल, तर तिथून पेट्रोल तेलात झिरपतं. पडदा धडधाकट होता. इंजिन गार ठेवणारं पाणीही बरोबर हवं तेवढंच फिरत होतं, त्यानं इंजिन नको इतकं गार पडत नव्हतं. मग त्यानं सावकाशला समोर बसवलं.

"ही मोटर तू पूर्ण जोरात कधी सोडलीस?"

"छे, छे! जपतो मी तिला. एवढी लाडाची."

"तुझे लाडच नडले. इतकी हळू चालवतोस, की ती कधी तापतच नाही. गार इंजिनात सगळं पेट्रोल जळत नाही, ते खाली तेलात उतरतं. तेल बदलून देतो. यापुढे रोज निदान एक खेप तरी तिला मोकळी पळू दे."

सावकाश मांडीवर थाप मारून म्हणाला, "नाक म्हणजे नाक आहे बुवा तुमचं!"

झालं, इथं गप्प बसायचं, की जन्माची अब्रू शाबूत. मिस्त्रीनं पाना खाली ठेवला.

"माझं नाही. माझं गेलं तापात. पेट्रोल ओळखलं ते माझ्या बायकोनं."

वर्कशॉपमध्ये पाण्याचा उजेड तेवढा हलत होता. सावकाशनं डोकं खाजवलं.

"मग वहिनींनाच घेऊन या ना चाचणीला. आम्हाला काय, नाक कुणाचं का असेना."

ऊन उतरायला लागलं, तेव्हा तिघं होडीत बसले. सावकाशनं देवाचं नाव घेतलं, डोळे घट्ट मिटले आणि मोटर पूर्ण सोडली. होडी उसळली. बायकोनं मिस्त्रीचा दंड धरला. त्यानंही डोळे मिटून घेतले.

"सांग," तो म्हणाला.

"आता मीठ. आता ओलं लाकूड. कुणीतरी साबण लावून कपडे धुतंय तिकडं."

ती सांगत गेली आणि एकेक वास त्याच्या मिटल्या डोळ्यांपुढे येत गेला, दुपारच्या झोपेत येई तसा, फक्त या वेळी तो जागा होता.

"आणि आता?"

"आता तुमचा शर्ट."

याच शर्टापायी तीस वर्षं ती नाक मुरडत आली होती. त्यानं जरा भीतभीतच विचारलं, "कसा येतोय?"

ती जवळ सरकली. मग त्याच्या खांद्याला नाक लावून म्हणाली, "घरासारखा."