शिंकेसारखा चेंडू

माझी शाळा लहानपणीच सुटली. परमुलखातून नंदुरबारला मिरचीची देठं खुडायला आलो, तर इथल्या शाळेतले सर माझ्या पोरीला बेसबॉल शिकवू लागले. ते पूर्वीचे नावाजलेले पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे. आता त्यांचा खांदाच वर होत नाही.

संघ निवडायच्या संध्याकाळी मैदानावर मिरचीची लाल धूळ तरंगत होती. शेवटचा चेंडू हातात धरून पोर नुसती उभी. हा चुकला की ती संघाबाहेर.

सर शिंकले आणि हसले, "शिंक कोनी धरी ठेवस का, माय? सोडी दे!"

तिने चेंडू फेकला. त्याच क्षणी सरांच्या लोंबत्या हाताची बोटंही उघडली. समोर झेलणाऱ्या मुलीचा ग्लोव्ह वाजला.

"पोर संघमा शे," सर म्हणाले, आणि ती बोटं हळूच मिटली.