पंचवीस लिटरचा बुधला

माझं काम रिगरचं. आखातात, रुसैलच्या कारखान्यात क्रेनला माल बांधून द्यायचा, पट्टे तपासायचे, वजन कुठे कलतंय ते बघायचं. ही नोकरी दाजींनी लावून दिली, आणि जवळच्याच माबेल्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांतच मी चार वर्षं राहिलो. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. दाजी तिला मारायचे. मला ते पहिल्याच आठवड्यात कळलं, तरी मी तिथेच राहिलो. हे आधीच सांगून टाकतो.

दाजी घरी वाइन करायचे. खजूर, द्राक्षाचा रस, यीस्ट. पकडले गेलो तर व्हिसा रद्द, हे घरात तिघांनाही ठाऊक होतं. त्यासाठी त्यांनी कुठून तरी पंचवीस लिटरचे दोन काचेचे बुधले आणले होते. भरलेला बुधला तीस किलोच्या वर जायचा. तो स्वयंपाकघरात आंबायचा आणि कोणी यायचं म्हटलं की मागच्या खोलीत हलवायचा. एका बाजूने दाजी, दुसऱ्या बाजूने ताई. ओली काच, तळाशी धरायला काही नाही. ताईचा हात जरा घसरला की दाजी आधी बुधला हळूच खाली टेकवायचे आणि मग तिच्या कानाखाली वाजवायचे.

त्यांना अडवायची माझ्यात हिंमत नव्हती. मग मला माझ्या धंद्यातलंच सुचलं. भाजीचं एक मजबूत प्लास्टिकचं क्रेट घेतलं, आत फोम बसवला. कारखान्यातून बाद झालेल्या पट्ट्याचे दोन तुकडे क्रेटखालून नेऊन धरायला चार मुठी शिवल्या. वरून बुधला हलू नये म्हणून लोखंडी बकलाचा तिसरा पट्टा केला. बुधल्याच्या मानेला एक तारेची कडी होती, तिच्याबद्दल दाजींना बजावलं, "ही फक्त रिकामा उचलायला. भरलेला उचललात तर मान तुटेल."

"मोठा इंजिनियर झालास," दाजी म्हणाले. पण क्रेट वापरू लागले. बुधल्यावरून मारणं थांबलं. मारायला त्यांना दुसरी कारणं मिळत होती.

त्या शुक्रवारी दुपारी जेवणं झाली होती. ताईने क्रेट धुऊन गच्चीवर वाळत टाकलं होतं, बकलाचा पट्टा तेवढा ओट्यावर होता. अचानक दाजींच्या साहेबांचा फोन आला की मी खालीच आहे, वर येतो. बुधला ओट्यावर होता. दाजींनी कडीत हात घातला, दुसरा हात तळाला लावला आणि तो ओट्याच्या कडेपर्यंत ओढला.

"थांबा, मी क्रेट आणते," ताई म्हणाली.

"तू मला शिकवणार?"

त्यांनी कडी सोडली नाही. दुसऱ्या हाताने पट्टा उचलला आणि तिच्या तोंडावर हाणला. बकल भुवईवर बसलं. ती भिंतीला टेकली. त्यांनी पुन्हा हात उगारला आणि मी दारातून धावत येऊन त्यांच्या जबड्यावर ठोसा मारला.

ते मागे झोकांडले, कडी मात्र हातातच. बुधला ओट्यावरून सुटला, हिसक्यासरशी त्याची मान तुटली आणि बाकीचा फरशीवर फुटला. पंचवीस लिटर लाल पाणी पायांखालून वाहत गेलं. दाजींनी तुटलेली मान माझ्यावर चालवली. माझ्या दंडावर ओरखडा उठला. पुढच्याच पावलाला ते घसरले आणि काचांवर हात टेकून पडले. मनगटातून रक्ताची चिळकांडी उडाली.

आणि तरीही मी थांबलो नाही. त्यांच्या छातीवर गुडघा देऊन मी त्यांना मारत राहिलो. किती वेळा मारलं ते आठवत नाही. मुठीखाली काहीतरी मऊ लागत होतं आणि मला ते आवडत होतं.

"बस," ताई म्हणाली. "मरेल तो."

तिने मला खांद्याला धरून ओढलं, ओढणी काढली, त्यांच्या दंडाला करकचून आवळली आणि हात वर धरून बसली. तिच्या भुवईचं रक्त त्यांच्या शर्टावर गळत होतं. साहेब एव्हाना दारात आले होते. त्यांनी आतली परिस्थिती बघितली आणि आम्हाला इस्पितळात न्यायला गाडी काढली.

इस्पितळात दाजींनी सांगितलं की लोणच्याची बरणी फुटली. केरळच्या नर्सने त्यांच्या कपड्यांचा वास घेतला, ताईच्या चेहऱ्याकडे आणि माझ्या सुजलेल्या मुठीकडे बघितलं. तिने ताईला बाजूला नेऊन विचारलं, "परत त्या घरी जायचंय का?" ताई "नाही" म्हणाली. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

दाजींच्या शिरा आणि स्नायुबंध शिवले, पण दोन बोटं मिटेनाशी झाली. वाइनमुळे त्यांनी पोलिसांत तक्रार केली नाही. मी कंपनीच्या क्वार्टरमध्ये गेलो. ताई ओळखीच्या एका घरी महिनाभर राहिली आणि मग चिपळूणला गेली. आता ती पोळीभाजी केंद्र चालवते.

मागच्या गणपतीत फोनवर ती स्वतःहून म्हणाली, "तू त्यांना मारलंस तेव्हा मला बरं वाटलं होतं. पण ते खाली पडल्यावरही तू मारत राहिलास ना, तेव्हा तुझा चेहरा त्यांच्यासारखाच दिसला. मला तुझी भीती वाटली."

मी विचारलं, "जेवलीस का?"

"जेवते आता," ती म्हणाली.