पसरलेला पाय

मन्मथआप्पांना खड्ड्यात बसवायचं कसं, यावर सकाळपासून कालवा चालला होता. लिंगायताला मांडी घालून बसवतात, हातात इष्टलिंग देतात, मग माती. पण आप्पांनी एकाहत्तरच्या लढाईत डाव्या गुडघ्यात गोळी खाल्ली, तेव्हापासून तो पाय ताठच. पलटणीतून आले, येलदरीच्या धरणावर चौकीदारी केली. पंगतीत बसले की पाय समोरच्याच्या ताटापर्यंत. कुणी कुरकुरलं की म्हणायचे, "पाकिस्तानला तक्रार कर. त्यानं मोडलाय."

अठ्ठ्याहत्तरला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावातली माणसं राकेल घेऊन बौद्धवाड्यावर निघाली. आप्पा तोच पाय पसरून वाटेत बसले. जमाव वळसा घालून गेला. घरं जळायची ती जळालीच, वर भावकीनं आप्पांना पंगतीतून उठवलं. नामांतर अजून लोंबकळतच होतं, आप्पा गेले.

आता तीच भावकी खड्ड्याच्या काठावर चुळबुळत होती. ऊन चढायलं होतं. आप्पांची बायको मनकर्णा प्रेताजवळून हलेना.

चुलतदीर दिनकरराव म्हणाला, "वहिनी, स्वामी खोळंबलेत. गुडघ्यावर एक घाव घालू, दुमडंल. मेलेल्याला काय कळतंय?"

"मला कळतंय न्हवं? लष्करी दवाखान्यात पाय कापाय निघाले, तवा यांनी डॉक्टरची गचांडी धरली व्हती. अन् तुमी कुऱ्हाड आणायलाव?"

"मांडी न्हाई तर समाधी कशी?"

"खड्डा वाढवा. पाय सरळ राहू द्या."

"समाधी हाय का नाली?" मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं.

मनकर्णानं पदर खोचला, कुदळ उचलली आणि खड्ड्यात उतरली. मुरूम कडक. दोन घावांत तिला धाप लागली. बांधावर बौद्धवाड्यातली माणसं लांब उभी होती. त्यातला आश्रुबा तरातरा आला. "सरक, माय."

"आश्रुबा, तू उतरायचं न्हाई!" दिनकरराव ओरडला.

"आप्पा उठले व्हते का वाटंतून, तुमी म्हणला म्हणून?"

"तुझं घर तर जळालंच की!"

"जळालं. पर तुमाला वळसा पडला."

कुदळ पडत राहिली. स्वामी वैतागले, "कुणीबी खंदा, पण बसवा लवकर. मला गंगाखेडची गाडी धरायचीय."

आप्पा बसले. उजव्या पायाची मांडी, डावा पाय समोर लांब. तळहातावर लिंग, कपाळावर भस्म.

"वरचा चौथरा वाकडा दिसंल, वहिनी," दिनकरराव पुटपुटला. "लोक इचारतील."

"इचारू द्या की," मनकर्णा पहिली मूठ टाकत म्हणाली. "तुमीच सांगा मंग त्यांना, कशानं वाकडा झाला ते."