टोकाला काटा असलेलं अंडं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढेही नाही — तिथे हात जोडून मी भलतंच काहीतरी मागत आले.

हैदराबादच्या मलकपेठेतली आमची जुनी लॅब आठवली की अजून जीव हळवा होतो. एकच मायक्रोस्कोप, खिडकीत झोपलेलं मांजर, खालच्या हॉटेलातून येणारा चहा. मी नवीन पॅथॉलॉजिस्ट होते. आणि इद्रिस — सुदानहून नुकताच शिकायला आलेला. लघवीतून रक्त जायचं त्याच्या. मला 'आपा', म्हणजे ताई, म्हणायचा, हॉस्टेलात शिकलेली दख्खनी उर्दू झाडायचा, लहानपणी गावच्या कालव्यात तासन्‌तास कसा डुंबायचा ते सांगायचा. काय छान हसायचा!

कालवा म्हटल्यावर माझे कान टवकारले. तिकडच्या पाण्यातला एक कृमी कातडीतून अंगात शिरतो. त्याची अंडी लघवीत उतरतात — भर दुपारी, चालून आल्यावर जास्त. आपल्याकडे हा आजार कुणी बघितलेला नसतो. मी इद्रिसला सुलतान बाजारापर्यंत चालत पिटाळलं. बाराच्या सुमाराला तो घामाघूम होऊन परतला आणि नमुना दिला.

आणि मला दिसलं. एकच अंडं, टोकाला काटा. पुस्तकातल्या चित्रासारखं, हुबेहूब.

मग? मग काय झालं मला?

महिनाभर आधी मी कापसाच्या धाग्याला जंत म्हणाले होते. तेव्हा लॅबचे मोठे डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "मॅडम, किताबां जरा कम पढो." सगळे हसले होते. ते हसणं माझ्या डोक्यातून जातच नव्हतं. पुन्हा हसले तर? एकच तर अंडं — तेही चुकीचं निघालं तर? पण नाही, हे मी आता म्हणतेय. तेव्हा मला खात्री होती. मी स्लाइड धुऊन टाकली. रिपोर्टात लिहिलं: रक्तपेशी भरपूर, बाकी काही आढळलं नाही.

त्यावरून इद्रिसवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाचा टीबी धरला. त्याने सहा महिने त्या गोळ्या खाल्ल्या. उलट्या, पिवळे डोळे, बुडालेली परीक्षा. दर तपासणीला यायचा, मी त्याला चहा पाजायचे. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. नाही बोलले.

पुढे दुसऱ्या एका लॅबने त्याच्या लघवीत तसंच अंडं शोधलं. एका दिवसाच्या गोळ्यांनी तो बरा झाला.

शिक्षण संपवून हैदराबाद सोडताना तो मुद्दाम मला भेटायला आला, खजूर घेऊन. "उस वक्त नहीं दिखा होंगा ना, आपा?" त्याने किती सहज विचारलं — माझी बाजू तोच सावरून घेत होता.

मी म्हणाले, "हौ. नहीं दिखा."

आणि त्याच्यासमोर एक खजूर खाल्ला. फार गोड होता.