गाडीएवढी मोकळी जागा

आमच्या भाऊजींना सगळे ओळंबा म्हणतात. बावीस वर्षं रस्त्यांवर पांढरे पट्टे मारून त्यांची नजर अशी बसली आहे की कुणाच्या घरी गेले तरी आधी भिंतीवरची तसबीर सरळ करतात आणि मग पाणी मागतात. बोलायच्या बाबतीत मात्र हा माणूस पक्का मुखदुर्बळ. माझी ताई म्हणायची, संसाराच्या वीस वर्षांत ह्यांनी मला जेवढं ऐकवलं, ते एका पोस्टकार्डावर मावेल.

ताई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होती. दिवसभर ओल्या चादरींचे गठ्ठे उपसायचे, आणि जाता-येता पाऊण-पाऊण तास पायपीट. घरात सायकल होती, पण मोठ्या रस्त्यावर ट्रक अगदी अंगाला घासून जातात म्हणून भाऊजी तिला ती नेऊ देत नसत. मग त्याच रस्त्याच्या कडेने सायकलींसाठी वेगळी पट्टी करायचं ठरलं आणि काम नेमकं भाऊजींच्या टोळीकडे आलं. त्या संध्याकाळी घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "थोडं थांब. मी करून देतो." जसा काही तो रस्ता तिच्या एकटीसाठीच व्हायचा होता.

पट्टा मारायची रीत सोपी दिसते. दोरी ताणायची, खडूने खूण करायची, पावडर वितळवून गरम रंग ओढायचा. मध्ये कुणाची उभी गाडी आली की तिच्या अलीकडे थांबायचं, पलीकडून पुन्हा सुरू करायचं आणि राहिलेला तुकडा नंतर येऊन भरायचा. टोळीतले लोक त्याला 'दात पडला' म्हणतात. पट्टा नसेल तिथे गाड्या अडवणारे रबरी खांबही बसत नाहीत, त्यामुळे त्या मोकळ्या जागेत पुन्हा कुणीतरी गाडी घुसवतोच. म्हणून दात आधी भरायचा, बाकी सगळं नंतर. नव्या माणसाला हे भाऊजीच शिकवायचे.

पट्टी खुली झाली आणि ताई सायकलवरून कामाला जाऊ लागली. तीन दिवस गेली. चौथ्या दिवशी औषधांच्या दुकानासमोरच्या अशाच मोकळ्या जागेत एक गाडी उभी होती. तिला वळसा घालायला ताई पट्टीबाहेर आली आणि मागून ट्रक आला. धुलाईखान्यातल्या बायकांना कळायच्या आधीच ती गेली होती.

पुढचा महिनाभर मी पोलीस ठाण्याचे उंबरे झिजवले. ट्रकवाल्याला शिव्या घातल्या, गाडीच्या मालकाच्या तर सात पिढ्यांचा उद्धार केला. भाऊजी माझ्याबरोबर यायचे आणि बाकावर मान खाली घालून बसायचे. मला त्यांचाही राग येत होता. बायको गेली तरी या माणसाचं तोंड उघडत नाही, असं मी शेजारणीपाशी बोलूनही दाखवलं.

एका दुपारी ते एकटेच माझ्याकडे आले आणि त्यांनी तोंड उघडलं. कामाच्या शेवटच्या दिवशी दुकानासमोरची गाडी हलली होती, जागा रिकामी होती. पांढऱ्या पावडरीची एकच गोणी शिल्लक होती. मुकादमाने दात भरून काम संपवायला सांगितलं आणि तो निघून गेला. भाऊजींनी सायकलच्या चित्राचा पत्र्याचा साचा उचलला आणि ती गोणी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी खर्ची घातली. नकाशात तिथे चित्र नव्हतंच. ताई बाहेर पडली की तिला ते आधी दिसावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. नवा माल दोन दिवसांत यायचा होता, तो नवव्या दिवशी आला.

"पोरीला सांगायला हवं," ते म्हणाले. त्यांची एकुलती एक मुलगी, सतरा वर्षांची, अजून रात्री आईची उशी घेऊन झोपते. "तू म्हणशील तसं करतो."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्यांना घराबाहेर काढावंसं वाटलं. माझी ताई त्या एका गोणीपायी गेली होती. पण ते समोर बसून माझ्या शब्दाची वाट बघत होते आणि मला रडू आवरेना.

"पोरीला नका सांगू," मी म्हणाले. "आपण दोघं पुरे."

ते उठून दारापर्यंत गेले. मग त्यांनी विचारलं, "तिने ते चित्र बघितलं होतं का गं? मला काही बोलली नाही. मीही विचारलं नाही."

ताईने बघितलं होतं. पहिल्याच सकाळी त्या चित्रापाशी उभं राहून तिने मला फोन केला होता. हसत होती. म्हणाली, अगं, छातीत नुसतं धडधडतंय, मी परत फिरून सायकल घरात ठेवणारच होते. पण ह्यांनी माझ्यासाठी एवढं काढून ठेवलंय, आता कशी परत फिरू?

भाऊजी माझ्याकडे बघत होते.

"बघितलं होतं," मी म्हणाले. "खूश होती."