रकान्यातल्या चांदण्या

अर्डिस टोलेफसन नॉर्थ डकोटातल्या पूर कचेरीत एकेचाळीस वर्षं आकडे मांडत होती. काठाच्या वर किती फूट पाणी चढलं, एवढंच तिचा प्रोग्राम छापायचा. तोही फोरट्रानमध्ये, आणि ती भाषा म्हणजे हट्टी म्हातारी! आकड्याला किती घरं द्यायची ते आधीच लिहून ठेवा. प्रोग्राम चालू असताना, आकडा बघून जागा वाढवायची म्हटलं की नन्नाचा पाढा. तरुणपणी अर्डिसने तीन घरं दिली: एक आकडा, टिंब, पुन्हा एक आकडा. काठावर दहा फूट पाणी चढतंय कशाला, म्हणाली. पुढे तिला त्याची लाज वाटायची. प्रोग्रामनेच आधी आकडा बघून मांडणीची ओळ अक्षरांत जुळवायची आणि मग ती वापरायची, असा आडमार्ग होता. पण ती खटपट उद्यावर गेली ती गेलीच.

त्या एप्रिलच्या सकाळी वितळलेल्या बर्फात सगळा मुलूख तरंगत होता. धुक्यात कोठारं, खांब, आभाळ एकमेकांत मिसळलेलं. खिडकीशी उभ्या अर्डिसला आपण जाग्या आहोत की नाही तेच कळेना. कॉफी गार झाली. प्रिंटरमधून कागद हळूहळू सरकत बाहेर आला. आठ पूर्णांक चार. नऊ पूर्णांक एक. आणि नदीच्या वळणावरच्या मोजणी-ठाण्याच्या नावासमोर आकड्याच्या जागी तीन चांदण्या छापलेल्या: ***.

किती छान दिसतात, असं तिला आधी वाटलं. खरंच वाटलं.

नवा साहेब ट्रेव्हर डोकावला. चांदण्या म्हणजे मापयंत्र बंद पडलंय, उद्या माणूस पाठवू, असं म्हणून त्याने वळणावरच्या लोकांना तसं कळवूनही टाकलं. मोठा शहाणा!

अर्डिस फोनकडे वळली. यंत्र बंद असतं तर रकाना कोरा राहिला असता. चांदण्या उमटतात त्या आकडा तीन घरांत मावत नाही तेव्हाच. आणि वळणावर तिचा धाकटा भाऊ ऑर्विल राहत होता, गाई सोडून कुठेही न जाणारा.

तिने फोन लावला. ऑर्विल निवांत होता. तुमचं यंत्र बिघडलंय म्हणे, असं हसत म्हणाला.

"यंत्र ठणठणीत आहे. चुकले मी. गाई मोकळ्या सोड आणि निघ."

"पण पाणी आहे तरी किती, ताई?"

"मला वाटलं होतं त्याहून जास्त."

ताईने चूक कबूल केलेली ऑर्विलने जन्मात ऐकली नव्हती. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.