ताईचा डावा कान

लोकांच्या डोक्यावर टांगलेले ते दोन माईक ताईच्या चुकीतून आले, हे सगळ्या बँडला ठाऊक होतं. वीस वर्षांपूर्वी, पहिल्याच कार्यक्रमात, बँडचा साउंड सांभाळताना तिनं गडबडीत दोन माईक लोकांकडे तोंड करून चालू ठेवले. स्पीकरमधून स्वतःचाच आवाज ऐकून लोक असे पेटले की गाणं काही केल्या थांबेना. तेव्हापासून शेवटच्या गाण्याला नऊच्या नऊ कलाकार मागे सरकायचे आणि लोक गायचे. ते दोन माईक, लोकांच्या मधोमध मांडलेल्या ताईच्या मिक्सरच्या टेबलाच्या बरोबर वर लोंबत असायचे. तिचा सख्खा धाकटा भाऊ बँडचा म्होरक्या. "आपण सगळे एकाच घरातले!" असं तो स्टेजवरून म्हणाला की लोक हॉल डोक्यावर घ्यायचे.

स्पीकरशेजारी उभं राहून राहून ताईचा डावा कान गेला. एकाच घरातल्या या भावानं महिन्याभरात दुसरा साउंडवाला आणला. वर मुलाखतीत हसत म्हणाला, "बहिरं माणूस मिक्सरवर कसं बसवणार?" माईकची कल्पनाही म्हणे त्यालाच सुचलेली! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढची चार वर्षं ती भाषणांचे माईक लावत फिरली आणि राग जपत राहिली.

बँडच्या निरोपाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नव्या साउंडवाल्यानं हात मोडून घेतला. तो जुना मिक्सर त्याच्याखेरीज फक्त ताईलाच कळत होता.

"ताई, येशील ना?" धाकट्यानं फोनवर विचारलं.

"येते की!" ती इतकं गोड बोलली, की त्याला तिथंच शंका यायला हवी होती.

शेवटचं गाणं आलं. नऊजण मागे सरकले आणि ताईनं मिक्सरवरचे सगळे आवाज शून्यावर आणले. लोक दोन ओळी कसेबसे गायले, मग ओशाळून गप्प झाले. धाकटा स्टेजवरून हातवारे करायला लागला. ताईनं डाव्या कानाला हात लावून मान हलवली. शेवटी तो गर्दीतून वाट काढत तिच्या टेबलापाशी आला. वीस वर्षांत पहिल्यांदाच.

"ताई, माईक चालू कर!"

"या कानात बोल." तिनं डावा कान पुढे केला.

"अगं, पाया पडतो तुझ्या!"

"ऐकू येत नाही रे. काय चुकलं ते नीट सांग."

"चुकलो!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. "माईक तुझेच होते! मी खोटं बोललो! तुला मीच हाकललं!"

डोक्यावरचे दोन माईक ताईनं तोवर अलगद चालू केले होते. त्याचा शब्द न् शब्द हॉलभर घुमला. तिला चार वर्षांत असं गार वाटलं नव्हतं.

"आता आलं ऐकू," ती म्हणाली. "जा, गाणं संपव."